विश्लेषण : नाटकाच्या खुर्च्या हलवता आल्या तर? बालगंधर्वपासून भोंगवलीपर्यंतचा हिशेब

भोर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील भोंगवलीत राहणाऱ्या प्रेक्षकाला व्यावसायिक नाटक पाहायचे असेल तर पुणे गाठावे लागते. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मध्यरात्र होते आणि स्वतःचे वाहन नसेल तर परतीचा प्रश्न उभा राहतो. तिकडे पुण्यात गेली काही वर्षे वेगळाच वाद सुरू आहे : बालगंधर्व रंगमंदिर ठेवायचे, दुरुस्त करायचे की पाडून त्या जागी अनेक सभागृहांचे संकुल उभारायचे? एकीकडे नाट्यगृहच नाही आणि दुसरीकडे असलेल्या नाट्यगृहाचे काय करायचे हे ठरत नाही. पण दोन्ही ठिकाणी खाली एकच प्रश्न आहे. नाटकाची जागा एकाच पद्धतीच्या प्रयोगासाठी पक्की बांधायची, की गरजेप्रमाणे बदलता येईल अशी?

‘लवचीक’ रंगमंच म्हणजे नेमके काय?

आपल्या डोळ्यांसमोर नाट्यगृह म्हटले की जे चित्र येते त्याला कमानी रंगमंच म्हणतात. समोर उंच मंच, त्याला चौकट, पडदा, दोन्ही बाजूंना विंगा आणि उतारावर एकामागे एक पक्क्या खुर्च्या. प्रेक्षक एकाच दिशेने पाहतो. लवचीक जागेत मंच आणि प्रेक्षक यांचे नाते प्रयोगागणिक बदलता येते. प्रेक्षक तीन बाजूंना, चारही बाजूंना, समोरासमोर दोन रांगांत किंवा खाली सतरंजीवर बसवता येतात. यातील सर्वात साधा प्रकार म्हणजे ‘ब्लॅक बॉक्स’. काळ्या रंगाची, सपाट जमिनीची रिकामी खोली, वर दिवे टांगण्यासाठी लोखंडी पाइपची जाळी आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या. महागड्या प्रकारात खुर्च्यांच्या पायऱ्या कपाटाच्या खणासारख्या भिंतीत सरकतात, मंचाचे भाग यंत्राने वरखाली होतात.

मुंबईत एनसीपीएचे एक्स्परिमेंटल थिएटर १९८६पासून याच तत्त्वावर चालते. जुहूच्या पृथ्वी थिएटरची रचना थोडी वेगळी आहे. १९७८मध्ये सुरू झालेल्या या सुमारे २०० आसनांच्या नाट्यगृहात खुर्च्या पक्क्या आहेत, मात्र मंच प्रेक्षकांत पुढे आलेला असून तीन बाजूंनी लोक बसतात. म्हणजे ते जवळचे आहे, लवचीक नाही. या दोन गोष्टींची चर्चेत नेहमी गल्लत होते.

मग ‘पारंपरिक’ कशाला म्हणायचे?

गंमत अशी, की आपण ज्याला पारंपरिक नाट्यगृह म्हणतो ते मराठी मातीत दीडेकशे वर्षांपेक्षा फार जुने नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा आजच्यासारखे नाट्यगृह अस्तित्वात नव्हते. कमानी चौकट इंग्रजी आणि पारशी नाटक कंपन्यांच्या मार्गाने आली आणि संगीत नाटकाच्या वैभवकाळात अशी रुजली की तीच ‘आपली’ वाटू लागली.

त्याआधीची आणि त्याच्या बरोबरीने चालत राहिलेली परंपरा मात्र हलत्या जागेचीच आहे. कीर्तन देवळाच्या सभामंडपात होते आणि त्याच सभामंडपात दुसऱ्या दिवशी पंगत बसते. भारूड रस्त्यावर होते. तमाशाचा फड तर आपले अख्खे थिएटर ट्रकमध्ये घालून फिरतो. दिवसा माळरान, संध्याकाळी कनात, पहाटे पुन्हा माळरान. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे येऊन सुपारी ठरवतात. युरोपात ज्या कल्पनेवर गेल्या शतकात जाडजूड पुस्तके निघाली, ती आमच्याकडे तंबूच्या खुंट्या ठोकणाऱ्यांना ठाऊक होती. अर्थात त्यांना त्याचे कौतुक वाटण्याइतकी उसंत नव्हती, हेही खरे.

प्रायोगिक नाटकाने शहरात हाच धागा पकडला. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. ती शाळेची जागा होती, नाट्यगृह नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे जे घडले त्याला आज ‘छबिलदास चळवळ’ म्हणतात. पुण्यात शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यात जुन्या कारखान्याच्या जागेत उभे राहिलेले ‘द बॉक्स’ आणि हिराबागेतील श्रीराम लागू रंग-अवकाश ही त्याच वंशातली नावे. यातले बहुतेक प्रयत्न संस्थांनी आणि रंगकर्मींनी केलेले आहेत. महापालिकांची नाट्यगृहे यापासून जवळजवळ अलिप्त राहिली.

बालगंधर्वचा वाद नेमका कशावर अडला आहे?

जंगली महाराज रस्त्यावरील या रंगमंदिराची कोनशिला १९६२मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीला झाले, पण ते पाहायला बालगंधर्व नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांचे निधन झाले होते. उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीने लक्ष घातले होते. सुमारे एक हजार आसनांचे हे नाट्यगृह पुण्यासाठी केवळ इमारत नाही, त्यामुळे ‘पुनर्विकास’ हा शब्द निघाला की शहराचा आवाज चढतो.

महापालिकेने २०१८च्या सुमारास पुनर्विकासाचा विषय पुढे आणला. २०२२मध्ये त्याचा आराखडा चर्चेत आला तेव्हा एक हजार, पाचशे आणि तीनशे आसनांची तीन सभागृहे असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. समर्थकांचे म्हणणे असे, की वास्तू जुनी झाली, पार्किंग अपुरे आहे, वातानुकूलन आणि स्वच्छतागृहांविषयी कलावंत आणि प्रेक्षक जाहीर तक्रारी करतात. विरोधकांचे म्हणणे असे, की यातील प्रत्येक तक्रार दुरुस्तीने मिटते. त्यासाठी पाडापाड कशाला? आणि पाडल्यावर नवे वेळेत उभे राहील याची हमी कोण देणार?

या वादात एक मुद्दा बाजूलाच राहिला. एका सभागृहाची तीन केली म्हणजे जागा लवचीक होत नाही. एकाच पद्धतीची तीन पक्की सभागृहे मिळतात. तीनशे आसनांचे सभागृहही उतार, पक्क्या खुर्च्या आणि कमान घेऊन बांधले, तर प्रायोगिक नाटकवाल्याला त्यात भाडे कमी एवढाच फरक जाणवेल. उलट आजचे बालगंधर्व वापराच्या दृष्टीने आधीच बहुउद्देशीय आहे. सकाळी पुरस्कार वितरण, दुपारी लावणी, रात्री नाटक, शेजारच्या कलादालनात चित्रप्रदर्शन. इमारत हलत नाही, वापर हलतो. माझ्या मते, आराखड्यावर बोलताना ‘किती सभागृहे’ यापेक्षा ‘त्यातले एक तरी सपाट जमिनीचे आहे का’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कोल्हापूरने वेगळा मार्ग का धरला?

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर १९१५मध्ये सुरू झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत भस्मसात झाले. त्यानंतर ‘काहीतरी नवे, आधुनिक’ अशी भाषा कोल्हापुरात फारशी चाललीच नाही. नाट्यगृह होते तसेच उभे राहिले पाहिजे, ही मागणी इतकी एकमुखी होती की शासनानेही तीच दिशा धरली.

ही भावनिक प्रतिक्रिया म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण तिच्यामागे तर्कही आहे. शाहू महाराजांच्या रचनेत नाट्यगृहाला लागून खासबाग कुस्ती मैदान होते आणि मैदानाकडे तोंड करून खुला मंच होता. एका बाजूला संगीत नाटक, दुसऱ्या बाजूला कुस्ती आणि जाहीर सभा. ‘कला संकुल’ हा शब्द कोणी वापरत नव्हते त्या काळातले ते संकुलच. जिथे मूळ रचनेतच इतका विचार आहे, तिथे ‘होते तसे’ हाच पुढचा पर्याय ठरू शकतो. मात्र होते तसे बांधताना विजेची वायरिंग, अग्निरोधक पडदे आणि बाहेर पडण्याच्या वाटा जुन्या काळच्या राहणार नाहीत, याकडे लक्ष हवे.

न पाडता आतून बदल करता येतो का?

येतो. याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्डचे रॉयल शेक्सपिअर थिएटर. १९३२चे हे नाट्यगृह कमानी पद्धतीचे होते आणि शेवटच्या आसनापासून मंच २७ मीटर दूर होता. नटाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण २० मीटरपलीकडे नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे मागच्या प्रेक्षकाला आवाजावरच भागवावे लागे. २००७ ते २०१० दरम्यान बाहेरच्या जुन्या भिंती राखून आतले सभागृह नव्याने बांधले गेले. मंच प्रेक्षकांत पुढे आला, लोक तीन बाजूंना बसले आणि सर्वात दूरचे अंतर १५ मीटरवर आले. आसने हजाराहून अधिकच राहिली.

या गोष्टीचा खर्चाचा भाग सोडा, तो आपल्या आवाक्यातला नाही. घेण्यासारखा भाग वेगळाच आहे. जुने नाट्यगृह बंद करण्याआधी कंपनीने जवळच सुमारे हजार आसनांचे तात्पुरते पोलादी नाट्यगृह उभारले. नवी मंचरचना त्यात काही वर्षे चालवून पाहिली. प्रयोग थांबले नाहीत, नटांना सवय झाली आणि चुका कागदावर नव्हे तर तात्पुरत्या इमारतीत सापडल्या. मुंबईत परळचे शंभर वर्षांचे दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी पाडले गेले तेव्हा रंगकर्मींच्या संतापाचे मुख्य कारण हेच होते : नवे कधी, केवढे आणि तोवर आम्ही कुठे? बालगंधर्व बंद झाले तर तिथल्या तारखा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण, बिबवेवाडीच्या अण्णा भाऊ साठे आणि टिळक स्मारक मंदिर यांच्यावर येऊन आदळतील. त्या नाट्यगृहांचे शनिवार-रविवार आधीच मोकळे नसतात.

तांत्रिक अडचणी कुठे येतात?

इथे थोडे अभियांत्रिकीत शिरावे लागेल, कारण घोषणा आणि वास्तव यांच्यात अंतर पडते ते इथेच.

पहिली अडचण जमिनीची. पक्क्या खुर्च्या काढून टाकल्या की जमिनीवरचा भार कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) पक्क्या आसनांच्या सभागृहाची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भारासाठी, तर पक्की आसने नसलेल्या सभागृहाची सुमारे ५०० किलोसाठी धरायची असते. कारण साधे आहे. खुर्च्या असतील तर माणसे ठरावीक अंतरावर बसतात, नसतील तर खेटून उभी राहू शकतात, नाचू शकतात. म्हणून जुन्या नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर ‘खुर्च्या काढू आणि फ्लेक्सिबल करू’ म्हणण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट लागते. दरवाज्यांचेही तसेच. बाहेर पडण्याच्या वाटा सर्वात जास्त माणसे मावतील अशा मांडणीला पुरल्या पाहिजेत, नेहमीच्या मांडणीला पुरून चालत नाही.

दुसरी अडचण वेळेची. आपल्याकडे नाट्यगृह दिवसात तीन सत्रांत भाड्याने जाते. मांडणी बदलायला पाच-सहा तास आणि आठ माणसे लागत असतील, तर एक सत्र बुडाले. ते भाडे कोणी सोसायचे हे ठरले नाही तर पहिल्या महिन्यात खुर्च्या एका जागी बसतात आणि पुढे त्या हलत नाहीत. सरकत्या खुर्च्यांचे रूळ गंजल्यावर दुरुस्तीची निविदा कधी निघेल, हे वाचकांना सांगायला नको. यंत्र जितके कमी, तितकी लवचीकता जास्त दिवस टिकते.

तिसरी आणि सर्वात दुर्लक्षित अडचण आवाजाची. संवादाच्या नाटकाला घुमणे एक सेकंदाच्या आसपास हवे, गाण्याला त्याहून जास्त चालते. सगळ्यांसाठी एकच खोली करायची म्हणजे घुमणे कमीजास्त करता येण्याची सोय, साध्या भाषेत जाड पडदे ओढायची आणि सोडायची सोय, असलीच पाहिजे. ती नसेल तर ‘बहुउद्देशीय’ सभागृह कोणत्याच उद्देशाला धड राहत नाही.

मग भोंगवलीसारख्या गावाला याचा काय उपयोग?

माझ्या मते शहरापेक्षा जास्त. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतल्या गावांत हजार आसनांचे नाट्यगृह होणार नाही आणि होऊही नये. वर्षात आठ-दहा प्रयोगांसाठी त्याची वीज आणि देखभाल कोणत्याही ग्रामपंचायतीला परवडणारी नाही. पण यात्रा, हरिनाम सप्ताह, शाळेचे स्नेहसंमेलन, भजनी मंडळ, गणेशोत्सवातली एकांकिका, ग्रामसभा आणि लग्न या सगळ्यांना जागा लागतेच. त्यासाठी आमदार निधीतून किंवा जिल्हा परिषदेच्या योजनांतून गावोगाव ‘बहुउद्देशीय सभागृहे’ उभी राहतात. सरकारी कागदावर ज्याला बहुउद्देशीय म्हणतात ती बहुतेक वेळा चार भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा आणि एका टोकाला तीन फुटांचा सिमेंटचा ओटा असते. त्यात माइक लावला की बोललेले कळत नाही आणि पाऊस आला की माइकही ऐकू येत नाही.

हे का होते ते एका साध्या गणितात दिसते. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच असे सभागृह धरा. घनफळ एक हजार घनमीटर, आतल्या सगळ्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर. सिमेंट, फरशी आणि पत्रा आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग शोषतात. घुमण्याचा काळ काढायच्या रूढ सूत्रात, म्हणजे सबाइनच्या सूत्रात, हे आकडे घातले तर रिकाम्या सभागृहात आवाज विरायला पावणेसहा सेकंद लागतात. एक वाक्य विरण्याआधी पुढची दोन वाक्ये त्यात मिसळतात. दोनशे माणसे बसली की माणसांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषतात आणि हा काळ दीड सेकंदावर येतो. त्यात भिंतींना मिळून शंभर चौरस मीटर जाड, चुणीदार पडदे लावले तर एक सेकंदाच्या जवळ. म्हणजे फरक महागड्या स्पीकरने नव्हे, कापडाने पडतो. यात्रेतल्या कनातीत संवाद स्वच्छ ऐकू येतात त्याचे एक कारणही हेच : आवाज आदळून परत यायला तिथे टणक भिंतच नसते.

बाकी गोष्टीही फार मोठ्या नाहीत. सिमेंटच्या ओट्याऐवजी लोखंडी सांगाड्याचे, वर प्लायवूड असलेले सुटे चौरंग केले तर मंच हवा तिथे आणि हवा तेवढा मांडता येतो. सप्त्याला तो मधोमध, एकांकिकेला एका बाजूला, लग्नात भिंतीला उभे करून ठेवलेला. छताखाली दिवे टांगायला पाइपची जाळी हवी. मात्र तिचे वजन पत्र्याच्या कैच्या पेलतील का हे बांधण्याआधीच पाहावे लागते, नंतर वेल्डिंग करून नव्हे. दिव्यांसाठी वेगळा विद्युत मीटर आणि अर्थिंग हवे. मंचामागे दोन खोल्या आणि त्यांना लागून स्वच्छतागृह हवे. कलाकारांत बायका असतात ही गोष्ट गावातल्या मंचांच्या नकाशात अजूनही विसरली जाते. फड आला की त्या कपडे कुठे बदलतात हे कोणत्याही यात्रेत मंचामागे जाऊन पाहावे.

खर्चाचा आणि भाड्याचा मेळ बसतो का?

शहरात हा मेळ कठीण आहे. व्यावसायिक नाटकाचे गणित सात-आठशे तिकिटांवर उभे असते. दीडशे आसनांच्या जागेत तिकीट दुप्पट केले तरी ते जुळत नाही. म्हणून लहान लवचीक जागा अनुदान, देणग्या, कार्यशाळा किंवा शेजारचे कॅफे यांच्या आधाराने तगतात. व्यावसायिक निर्माते मोठ्या नाट्यगृहांतील आसनसंख्या घटण्याला विरोध करतात तेव्हा ते नव्याच्या विरोधात असतातच असे नाही. त्यांच्या पोटाचा हिशेब त्या खुर्च्यांत आहे. दोघांना एकाच इमारतीत कोंबले तर दोघेही नाराज होतील, अशी शक्यता जास्त. पुण्यातले गणेश कला क्रीडा मंच नावातच दोन हेतू घेऊन उभे आहे. तिथे पुणे फेस्टिव्हल रंगतो, सभा आणि प्रदर्शने होतात, पण नाटकवाल्यांची ती पहिली पसंती कधी झाली नाही.

गावात हे गणित उलटे आहे. तिथे सभागृह बांधलेच जाणार असते, पैसा मंजूर झालेला असतो, लग्नांचे भाडे येणार असते. नाटक, भजन आणि एकांकिका त्याच भाड्यावर बसून येऊ शकतात. वाढीव खर्च फक्त पडदे, जाळी, सुटे चौरंग आणि वायरिंगचा. अट एवढीच, की या चार गोष्टी अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी असायला हव्यात. काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाल्यानंतर त्यासाठी वेगळे लेखाशीर्ष शोधणे ग्रामपंचायतीला जवळपास अशक्य होते. त्यामुळे गावात सभागृहाचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत नकाशा मागून घ्यावा आणि त्यात ओटा सिमेंटचा आहे की सुटा, हे आधी पाहावे.